आधी गाव पाहा, मग रेघ ओढा

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे काय मध्येच काढलं यांनी? विषय आहे नगररचनेचा. शहर कसं वसवावं, रस्ता कुठून न्यावा, घराघरांत किती मोकळी जागा सोडावी, याचं एक शास्त्र आहे. शहरातल्या साहेबलोकांचं हे शास्त्र. आपल्या सारवलेल्या अंगणाशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो संकट आलं की कळतो. साथ येते, भूकंप होतो, दरड कोसळते, नदी गावात शिरते. उद्या काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी सरकारलाही काहीतरी करून दाखवायचं असतं आणि तेही लवकर. मग जो विचार तयार हाताशी असेल तो धरून कागदावर रेघा ओढल्या जातात. त्या रेघांवर पुढं पन्नास वर्षांचं आपलं जगणं उभं राहतं. चूल कुठल्या बाजूला, पाणी किती लांब, शेजारी कोण, शेताला जायला किती पायपीट, हे सगळं त्या कागदावर ठरून जातं. म्हणून आज आपण इतिहासातल्या तीन गोष्टी ऐकू या. एक मुंबईची, एक इंदूरची आणि एक आपल्या मराठवाड्यातल्या किल्लारीची.

पहिली गोष्ट 1896 सालची. मुंबईत मांडवी नावाचा भाग आहे, बंदराजवळचा. तिथं धान्याची मोठमोठी गोदामं आणि वरती माणसांनी गच्च भरलेली घरं. त्या वर्षी सप्टेंबरात अकासियो गॅब्रिएल व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तिथले रोगी तपासले आणि सांगितलं, हा गाठीचा प्लेग आहे. बघता बघता साथ शहरभर पसरली. माणसं मिळेल त्या गाडीनं, मिळेल त्या बोटीनं गावाकडं पळाली. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ अर्धी मुंबई रिकामी झाली. पळणाऱ्यांबरोबर साथही कोकणात आणि देशावर गेली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या रोगानं भारतात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

त्या काळात प्लेगचा जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कळलेलं नव्हतं. त्या वेळच्या बऱ्याच डॉक्टरांचा आणि इंजिनियरांचा पक्का समज होता की रोग घाणीतून, दमट जमिनीतून आणि कोंदट हवेतून येतो. त्यामुळे उपायही तसेच झाले. ऊन आत यावं म्हणून घरांची कौलं काढली, भिंतींना चुना फासला, रोग्यांचं सामान जाळलं. कितीतरी घरांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. त्याचा अर्थ, हे घर माणसानं राहण्याच्या लायकीचं नाही. आत राहणाऱ्या बाईला ती अक्षरं वाचताही येत नसत, पण तिचा संसार रस्त्यावर आणायला तेवढी पुरत.

1897 साली सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या कायद्यानं अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचा, माणसं उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात तर झडतीसाठी गोरे सोजीर घराघरांत घुसले. बायकांची तपासणी ज्या तऱ्हेनं झाली त्यानं लोक पेटून उठले. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याबाहेर माळावर आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवरून आणलं आणि त्याच रोगानं 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

आता नगररचनेकडं येऊ. 1898 साली मुंबईत एक नवी संस्था कायद्यानं उभी राहिली, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. म्हणजे शहर सुधारणारी संस्था. विचार साधा होता. रोग कोंदट हवेतून येतो, तर दाट वस्त्या फोडा, रुंद रस्ते काढा, समुद्राचा वारा आत येऊ द्या. मुंबईतला प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड हे मोठे रस्ते या विचारातून निघाले. उत्तरेला दादर-माटुंग्याला मोकळ्या, झाडांच्या वसाहती आखल्या गेल्या. हे काम वाईट होतं असं म्हणता येणार नाही. ऊन, वारा, गटार, नळ या गोष्टी माणसाला हव्याच. या ट्रस्टनं कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले.

पण दोन गोष्टी चुकल्या. पहिली अशी की रोग कोंदट हवेतून येतच नव्हता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 साली कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग आजारी उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून पसरतो. त्याचं म्हणणं मान्य व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत झाली. गंमत म्हणजे आपल्या गावांतल्या लोकांना पुस्तक न वाचता एक गोष्ट कळली होती. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचं. रोग का होतो हे त्यांना सांगता येत नव्हतं, पण उंदीर मेले की माणसं मरतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसरी चूक मोठी होती. वस्ती पाडली तेव्हा तिथल्या माणसांचं काय झालं? ट्रस्टनं जेवढ्या खोल्या पाडल्या त्यामानानं गरिबांसाठी नव्या खोल्या कमी बांधल्या आणि त्याही उशिरा. गिरणीत, गोदीत काम करणाऱ्या माणसाला कामाजवळच राहायला लागतं. दादरला जागा आहे म्हणून मांडवीचा हमाल तिकडं जाऊ शकत नाही. मग ही माणसं शेजारच्या गल्लीत शिरली. आधीच एका खोलीत दोन बिऱ्हाडं होती, ती तीन झाली, आणि भाडं वाढलं. म्हणजे गर्दी मोडण्यासाठी काढलेल्या रस्त्यानं पलीकडं गर्दी वाढवली. कागदावर रस्ता रुंद दिसत होता. रस्त्यावरून उठवलेली माणसं कागदावर दिसत नव्हती.

दुसरी गोष्ट त्यानंतर वीस वर्षांची. पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटलंडचे गृहस्थ 1914 साली भारतात आले. शिक्षणानं ते जीवशास्त्राचे, म्हणजे झाडाझुडपांचे आणि प्राण्यांचे अभ्यासक. पण तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ॲना यांनी एक वेगळंच काम केलं होतं. लग्नानंतर थोड्याच काळात ती दोघं एडिंबरा शहराच्या जुन्या, मोडकळलेल्या वस्तीत राहायला गेली. शेजाऱ्यांना हाताशी धरून घरं रंगवली, दुरुस्त केली, पडक्या जागांत बागा केल्या. शहर सुधारायचं तर त्यात राहून सुधारायचं, हे त्यांनी तिथं शिकून घेतलं.

भारतात आल्यावर गेडिस गावोगाव हिंडले. मद्रास इलाखा, मुंबई इलाखा, उत्तरेकडची शहरं, सगळीकडं पायी फिरले. काळ पहिल्या महायुद्धाचा. कुणाचं काय होईल याचा भरवसा नव्हता. 1917 साली त्यांचा मोठा मुलगा युद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी ॲनाही भारतातच वारल्या. अशा दुःखातही या माणसानं काम सोडलं नाही.

ठिकठिकाणी त्यांना एकच प्रकार दिसला. इंजिनियर पट्टी घेऊन जुन्या वस्तीवर सरळ रस्ता आखत होते. त्या रेघेखाली चांगली घरं, विहिरी, देवळं, वडाचे पार सगळं जात होतं. गेडिस म्हणाले, हे कापणं थांबवा. डॉक्टर रोग्याला आधी तपासतो आणि मगच सुरी हातात घेतो. कापलं तरी जेवढं सडलंय तेवढंच कापतो. शहराचंही तसंच करा. प्रत्येक गल्लीतून चाला. कुठलं घर धड आहे, कुठलं पडलंय, कुठं झाड आहे, कुठं जागा रिकामी पडली आहे, ते नकाशावर मांडा. पडकी घरं तेवढी काढा. त्या रिकाम्या जागा जोडून छोटे चौक करा, झाडं लावा, विहीर साफ करा. कमी घरं पडतील, कमी माणसं उठतील आणि पैसाही कमी लागेल.

मैत्रिणींनो, आपल्याला हा विचार नवा नाही. आपण गोधडी शिवतो तेव्हा काय करतो? विरलेला तुकडा काढतो, त्या जागी दुसरा लावतो आणि धड आहे ते तसंच ठेवून वरून दोरा घालतो. एका ठिकाणी विरली म्हणून अख्खी गोधडी कुणी उकिरड्यावर टाकत नाही. गेडिस यांना घरातल्या अंगणाचं, त्यातल्या तुळशीवृंदावनाचं फार कौतुक होतं. जिथं बाई रोज सकाळी सडा घालते, तिथं स्वच्छता शिकवायला बाहेरचा शिपाई लागत नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

आता इंदूर. होळकरांचं राज्य, म्हणजे आपल्या मराठी माणसाला जवळचं. तुकोजीराव होळकरांनी गेडिस यांना शहराची पाहणी करायला बोलावलं. इंदूरमध्येही प्लेगची भीती होती. नकाशे घेऊन हा परदेशी पाहुणा गल्लीबोळात फिरायला लागला, तेव्हा लोक धास्तावले. हा आता आपली घरं पाडणार, असं त्यांना वाटलं. ती भीती घालवण्यासाठी गेडिस यांनी एक वेगळीच युक्ती काढली. महाराजांची परवानगी घेऊन त्यांनी दिवाळीला एक मोठी मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या आळीत लोकांनी सर्वांत जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवली असतील, त्या आळीतून जाईल.

मग काय विचारता! आळ्याआळ्यांत चढाओढ लागली. कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर निघाल्या. पिंजरे लावून हजारो उंदीर पकडले गेले. दिवाळीच्या दिवशी मिरवणुकीत नेहमीचे हत्ती-घोडे होतेच, शिवाय घाणीचा एक अक्राळविक्राळ राक्षस होता आणि प्लेगचा भला मोठा उंदीर होता. शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ कपडे घालून, मानानं मिरवणुकीत चालले. ज्यांना एरवी कुणी दारात उभं करत नसे, त्यांना त्या दिवशी शहरानं हार घातले. शेवटी तो राक्षस आणि तो उंदीर जाळले. पोलिसाची काठी न उगारता शहर स्वच्छ झालं.

गेडिस यांचा इंदूरचा अहवाल 1918 साली छापला गेला. पुढं 1919 ते 1924 ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचं नाव आजही नगररचनेच्या कॉलेजांत आदरानं घेतात. पण संकटाच्या वेळी सरकारी टेबलावर त्यांचा विचार क्वचितच उघडला जातो. सरळ रेघ ओढायला एक दिवस पुरतो. गल्लीगल्लीतून चालायला महिना लागतो.

तिसरी गोष्ट आपल्यातल्या कितीजणींनी स्वतः भोगली आहे. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं असताना लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे आठ हजार माणसं मेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी तिकडची घरं. उन्हाळ्यात गार, पण त्या पहाटे तीच घरं अंगावर आली.

जे वाचले त्यांना दगडाच्या भिंतीची भीती बसली. जुन्या जागी परत जायचं नाही, असं लोकच म्हणत होते. सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा कार्यक्रम हाती घेतला. 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. नव्या गावांचे नकाशे झाले आणि ते बहुतेक शहरातल्या कॉलनीसारखे झाले. सरळ रुंद रस्ते, काटकोनात वळणारे, दोन्ही बाजूंना एकसारखी घरं. घराचा आकार ठरला जमिनीवरून. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, मधल्याला 400 आणि मोठ्या शेतकऱ्याला 750.

या घरांनी दिलेलं नाकारायचं नाही. डोक्यावर पक्कं छप्पर मिळालं, मोठा रस्ता आला, शाळा-दवाखान्याला जागा ठेवली गेली. काही गरिबांना पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचं पक्कं घर मिळालं. पण जुनं गाव कसं होतं? भावकीची घरं एकमेकांना लागून, मध्ये बोळ, बोळाच्या तोंडाशी ओटा. दुपारी बायका तिथं बसून निवडणं-टिपणं करायच्या. म्हातारी तिथूनच चार घरांतली पोरं सांभाळायची. नवं गाव जुन्याच्या कित्येक पट जागेवर पसरलं. अनेक ठिकाणी जमिनीच्या हिशोबानं रांगा लागल्या, त्यामुळे भावकी पांगली आणि भूमिहीन एका टोकाला गेले. कुणाचं शेत लांब पडलं. 250 फुटांत चूल कुठं, धान्याची कणगी कुठं, शेळी कुठं बांधायची, बाईनं न्हायचं कुठं, हे प्रश्न नकाशावर नव्हते. मग लोकांनी पुढंमागं पत्रे लावून आपापली सोय केली. नकाशा काढणाऱ्यांनी जे विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर लोकांनी पत्र्यांनी दिलं.

त्याच कार्यक्रमात एक दुसरी वाटही होती आणि ती कमी ऐकू येते. ज्या गावांत घरं पडली नव्हती पण तडकली होती, तिथं लोकांनी सरकारी मदत घेऊन आपलं घर आपणच दुरुस्त आणि मजबूत करायचं होतं. अशी जवळजवळ दोन लाख घरं. इथं इंजिनियरांचं शास्त्र खरोखर उपयोगी पडलं. दोष दगडाचा नाही, दगड रचण्याच्या पद्धतीचा आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड हवा. दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा हवा. माळवदावरचा मातीचा थर कमी करायला हवा. लाकडी खांब आणि तुळई यांचा सांधा घट्ट हवा. हे शास्त्र नसतं, तर लोकांनी पुन्हा तशाच भिंती रचल्या असत्या.

पण हे गावोगाव पोचवायचं कुणी? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं हजाराहून अधिक गावांत हे काम बायकांनी केलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. महिला मंडळातल्या या बायका घरोघर गेल्या. कुणाला किती मदत मिळणार, ती कुठल्या टप्प्यात येणार, सिमेंट-सळई एकत्र घेतली तर कशी स्वस्त पडते, हे त्यांनी समजावलं. गवंडी पट्टा नीट टाकतोय का, ते उभं राहून पाहिलं. अडलं तिथं इंजिनियरला गाठलं. ज्या बायांनी आधी कधी सरकारी कचेरीची पायरी चढली नव्हती, त्या भिंत बघून सांगायला लागल्या की इथं सांधा कच्चा आहे. 26 जानेवारी 2001 ला गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडं गेल्या आणि तिथल्या बायकांच्या शेजारी बसून आपला अनुभव सांगितला. गुजरातमध्येही गावांतली बहुतेक घरं पुढं घरमालकांनी स्वतः, सरकारी मदतीनं आणि देखरेखीनं बांधली. गाव दुसरीकडं हलवायला तिथल्या बहुतेक गावांनी नकार दिला.

आता या तीन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मुंबईत शास्त्र होतं, पण रोगाबद्दलचा समज चुकीचा होता आणि माणसांना कुणी विचारलं नाही. इंदूरमध्ये आधी पाहणी झाली आणि लोकांना कामात ओढून घेतलं. किल्लारीत दोन्ही एकाच वेळी घडलं. 52 गावांत बराचसा नकाशा वरून खाली आला आणि बाकीच्या गावांत बायका शास्त्र शिकून घराच्या भिंतीपर्यंत घेऊन गेल्या. म्हणून शास्त्र नको असं म्हणून भागत नाही. आपल्याला ते हवंच आहे, कारण डोंगर कुठं खचेल, पाण्याची रेघ कुठवर येईल, हे सांगायला जाणकार लागतो. पण त्या डोंगराखाली कोण राहतं, त्याची गुरं किती, बाईला रात्री किती लांब जावं लागतं, हे त्याला आपणच सांगायचं आहे.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं आपण गेल्या काही वर्षांत ऐकली. पावसाचा भरवसा उरलेला नाही. पुनर्वसनाचा नकाशा उद्या कुठल्याही गावात येऊ शकतो. संकट नसतानाही येतो. शेजारचं शहर वाढतं, महामार्ग जातो आणि आपलं गाव विकास आराखड्यात येतं. अशा आराखड्याचा मसुदा आधी जाहीर करावा लागतो, आणि ठरलेल्या मुदतीत कुणालाही लेखी हरकत किंवा सूचना देता येते. ही मुदत बहुतेक वेळा गावाला कळायच्या आत संपते.

1993 हेच ते वर्ष, ज्या वर्षी 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. आपल्या राज्यात 2011 पासून त्या निम्म्या आहेत. म्हणजे नकाशा ज्या टेबलावर येतो, त्या टेबलाशी आता आपली खुर्ची आहे. तेव्हा नकाशा आला की एवढं तरी विचारायचं. हा काढण्याआधी गावातून कोण चालून गेलं? घर कुणाच्या नावावर होणार, नवऱ्याच्या एकट्याच्या की दोघांच्या? पाणी, सरपण, गुरं, न्हाणी आणि संडास यांची जागा दाखवा. भूमिहीनांची घरं कुठल्या टोकाला टाकलीत आणि का? एकटी बाई, विधवा, अपंग यांचं घर कुठं? आणि काय पाडायचं नाही, याची यादी केली आहे का?

आमची एक विनंती आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की एक मोठा कागद पसरा. आपल्या गावाचा नकाशा आपण काढा. ओढा, विहीर, पार, अंगणवाडी, पाणी कुठवर चढतं ती खूण, कुठली भिंत पावसाळ्यात फुगते, रात्री कुठल्या वाटेवर दिवा नाही, सगळं मांडा. ज्या वस्तीतल्या बाया बैठकीला येत नाहीत, त्यांना बोलावून आणा, नाहीतर त्यांची वस्ती कागदावरून गळेल. तो कागद ग्रामपंचायतीत दाखवा आणि एक प्रत गटाच्या पेटीत जपून ठेवा. संकटाच्या दिवशी बाहेरून कुणी पट्टी-पेन्सिल घेऊन आलं, तर त्यांच्यासमोर ठेवायला आपल्याकडं काहीतरी असेल.